वेरूळ-अजिंठा सहकुटुंब: मुक्काम कुठे केलात?

मंडळी, सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न हमखास येतो, म्हणून अनुभव एका जागी गोळा करूया. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभराच्या आसपास, तेही वेगवेगळ्या दिशांना. म्हणून माझं ठाम मत असं की आधी वार ठरवा, मग गाव आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. हॉटेलांची नावं नकोत. बरोबर कोण होतं आणि खोली कशी निवडली, ते लिहा.

*

आमची दोन्ही मुलं शाळेतली. शहरातच राहिलो, म्हणजे सामान एकदाच उघडायचं. वेरूळ, दौलताबाद आणि बीबी का मकबरा या मुक्कामातून आरामात झालं. अजिंठ्याचा दिवस मात्र मुलांना जड गेला, परतताना धाकटी गाडीत रडून रडून झोपली. एवढी लहान मुलं असतील तर अजिंठ्यासाठी वेगळा मुक्काम करा, असंच सांगेन. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट लागत नाही. खोलीत जादा गादी मिळेल का आणि तिचे पैसे वेगळे का, हे बुकिंगच्या आधी विचारा.

*

सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, म्हणून अजिंठ्याजवळच्या फर्दापूरला राहिलो. तिथे चैन काही नाही, पण सकाळी नऊला लेणी उघडतात तेव्हा आम्ही ताजेतवाने होतो. खासगी गाडी फाट्यावरच ठेवावी लागते आणि पुढचे चारेक किलोमीटर बसने जायचं. त्यानंतर चढण आणि पायऱ्या. सासूबाईंसाठी डोली केली. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या, तिथून हलायलाच तयार नव्हत्या. तीन तास गाडीत बसून आल्या असत्या तर हे झालं नसतं. दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकता आली, हे ज्येष्ठांसाठी फार मोलाचं आहे. फर्दापूरला खोली घेताना तळमजलाच मागा. लिफ्ट असेलच असं धरून चालू नका.

*

वेरूळलाच राहा, असं मी सगळ्यांना सांगते! लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे कैलास लेण्यावर दुपारनंतरचं ऊन फार सुंदर पडतं. जवळ राहिलं की सकाळी बौद्ध लेणी बघायची, जेवून मुलांना झोपवायचं आणि उन्हं कलली की कैलास गाठायचा. जैन लेणी जरा लांब आहेत, ती दमलेल्या मुलांच्या गळ्यात घालू नका.

एकच सांभाळा, श्रावणी सोमवार. अजिंठा बंद म्हणून पर्यटक वेरूळला वळतात आणि घृष्णेश्वराला भाविकांची रीघ लागलेली असते. जवळच्या खोल्या तेव्हा आधीच भरतात.

*

लग्नसराईत जाणार असाल तर एक प्रश्न चुकवू नका: आवारात लॉन किंवा कार्यालय आहे का? शहरातल्या एका चांगल्या, स्वच्छ हॉटेलात आम्हाला रात्री उशिरापर्यंत बॅंड ऐकावा लागला. बाळ झोपेना.

*

वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे मी फोनवर स्पष्टच विचारतो. कमोड आहे का, न्हाणीघराला उंबरा किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत, वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो का. उन्हाळ्यात या भागात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा शेवटचा प्रश्न ऐच्छिक राहत नाही. मग न्हाणीघराचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो. संकेतस्थळावर पलंगाचे दहा फोटो असतात, न्हाणीघराचा एकही नसतो. ज्यांनी तो लगेच पाठवला तिथे आम्हाला बाकीचीही सोय नीट मिळाली. टाळाटाळ झाली की मी पुढच्या हॉटेलला फोन लावतो.