पियाजेच्या टप्प्यांतली वयं पाठ करायची की काय करायचं?

खानापूर_बीएड
नमस्कार सगळ्यांना. इंटर्नशिपला तालुक्यातल्या एका मराठी शाळेत दुसरीचा वर्ग मिळालाय. तिथं मुलांचा विचार वयाप्रमाणे कसा बदलतो ते टप्प्यांत मांडणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाचा पाण्याचा प्रयोग करून बघितला, दोन ग्लासात सारखं पाणी, मग एकातलं उंच बारीक बाटलीत ओतायचं आणि विचारायचं आता जास्त कशात. सगळी सात-साडेसातची पोरं, तरी बरीच जण म्हणाली बाटलीत जास्त. एका पोरीच्या घरी कुंभारकाम आहे, तिला मातीचा गोळा चपटा करून दाखवला तर लगेच म्हणाली माती तेवढीच की ओ टीचर, पण पाण्याला तीच चुकली! आता तिला कुठल्या टप्प्यात धरायचं? नोट्समध्ये २ ते ७ क्रियापूर्व (दिसतं त्यावरच जायचं), ७ ते ११ मूर्त क्रियात्मक (समोरच्या वस्तूंबद्दल तर्क जमतो) असं सरळ छापलंय. आणि पेपर मानवी वाढ आणि विकासाचा, पण नोट्स किशोरवयालाच संपतात, पुढं माणसाचं काय?

निपाणी_मास्तर
बाळ, तुला फार मोलाची गोष्ट दिसली आहे, ती वहीत तारीख घालून लिहून ठेव. १९६९ साली प्राइस-विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोत हेच तपासलं होतं, कुंभारांची पोरं आणि त्याच वयाची बाकीची पोरं, तर मातीच्या प्रश्नात कुंभारांची पोरं पुढं निघाली. रोज हातात माती घेणाऱ्याला ती चपटी केली म्हणून वाढत नाही हे कळतं, कुणी शिकवावं लागत नाही. तू तर खानापुरातली, तिथली माती आणि तिथलं कुंभारकाम प्रशिक्षण केंद्र तुला माहीतच असणार. आणि एका गोष्टीत कळतं, दुसरीत नाही, हे स्वतः पियाजेनंच नोंदवलंय, माती तेवढीच आहे हे सात-आठला, वजन तेवढंच हे नऊ-दहाला, आकारमान त्याच्याही नंतर. म्हणजे पोरगं एका रात्रीत टप्पा ओलांडत नाही. पेपरात वयं लिही, मार्क त्याला आहेत, पण 'साधारण' हा शब्द घालायला विसरू नको.

अंगणवाडी_ताई
मास्तर बरोबर बोलले. आमच्याकडं तर आया रडत येतात, शेजारणीचं दहा महिन्यात चालूलालंय आमचं अजून धरून उभं राहतंय म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासकट पाच देशातली बाळं बघून २००६ ला जे छापलं त्यात एकट्यानं चालायचं वय ८.२ ते १७.६ महिने असं आहे, एवढी मोठी रेंज! शंभरातली चारेक बाळं तर रांगलीच नाहीत, थेट चालली. पण अठरा महिने झाले तरी चालत नसेल तर वाट बघत बसू नका, डॉक्टरला दाखवा, हे मी प्रत्येकीला सांगतो.

शहापूर_बेळगाव
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, कारण मला हाच भाग सगळ्यात आवडतो. एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं १९५० मध्येच माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले, त्यातले तीन तर तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतचे आहेत, मधल्या वयात पुढच्या पिढीसाठी काय केलं हा प्रश्न आणि शेवटी जगलो ते पटलं का हा. मग बाल्टेस म्हणून जर्मन संशोधक, त्यांचं म्हणणं प्रत्येक वयात काही मिळतं आणि काही जातं, लहानपणी नुसतं मिळतं आणि म्हातारपणी नुसतं जातं असं नाही. कॅटेल या मानसशास्त्रज्ञानं बुद्धीचे दोन भाग केले, नवीन कोडं झटकन सोडवायची एक आणि आयुष्यभर साठवलेली दुसरी. पहिली लवकर उतरायला लागते, दुसरी बरीच वर्षं टिकते. आमचे मामा निपाणीत तंबाखूच्या धंद्यात होते, आता मोबाईलवरून पैसे पाठवायला त्यांना वेळ लागतो, पण पान नुसतं हातात घेतलं तरी त्याचा दर्जा सांगतात. शायी या संशोधकांनी अमेरिकेत सिएटलमध्ये १९५६ पासून दर सात वर्षांनी लोकांना तपासलं, त्यातही हेच दिसलं की सगळ्या क्षमता एकदम उतरत नाहीत, वेग आधी कमी होतो, शब्दसंपत्ती खूप उशिरा. मास्तरच सांगा, तुमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तुम्ही पहिल्या वर्षापेक्षा बरं शिकवत होता की नाही?

निपाणी_मास्तर
कितीतरी बरं.

खानापूर_बीएड
खूप खूप थँक्यू सगळ्यांना!! मग उद्या त्या पोरीला पाण्याचं परत विचारू का? की समजावून सांगू?

निपाणी_मास्तर
सांगू नको. तिच्याच हातानं पाणी ओतू दे, परत ग्लासात ओतू दे, आणि प्रत्येक वेळी 'का गं असं वाटतं?' एवढंच विचार. पियाजेसुद्धा उत्तरापेक्षा त्या 'का'लाच जास्त किंमत द्यायचा, चुकीचं उत्तर देणारं पोरगं कसा विचार करतं हेच त्याला बघायचं होतं. ती काय म्हणाली ते इथं नक्की लिही.