जास्वंदीवरचा मिलीबग परत परत येतोय, मिरचीची पानं वळतायत. कुठून सुरुवात करू?

मोगरी:
बाल्कनी अगदी लहान, त्यामुळे कुंड्या एकमेकींना खेटूनच ठेवाव्या लागतात. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा मिलीबग झालाय. कडुनिंबाचं तेल फवारलं की थोडे दिवस बरं दिसतं, मग पुन्हा तेच. खालच्या पानांवर काळा थरही धरायला लागलाय. शेजारच्या मिरचीची नवी पानं वळतायत; हे त्याच किडीमुळे की आणखी कशामुळे, कळत नाही. टोमॅटोला फळं धरलीत, पण ती बुडाशी काळी पडतायत. अंड्याची टरफलं कुटून घातली, फरक नाही. घरात लहान मूल आहे, म्हणून रासायनिक औषध नको आहे. झाडं जीव लावून वाढवलीत, कृपया सांगा.

काळीमाती:
ताई, फवारणी बाजूला ठेवा आणि आधी जास्वंदीच्या खोडावर मुंग्यांची ये-जा दिसते का ते बघा. काळ्या थराचं वाचून मला तरी त्या असणार असंच वाटतंय.

मिलीबग झाडाचा रस शोषतो आणि नको असलेली साखर चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, तीच ही काजळी. मुंग्या त्या गोडासाठी येतात आणि मिलीबगची राखण करतात. त्याला खायला आलेल्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड) हुसकावून लावतात, वर पिलांना उचलून नव्या शेंड्यावरही नेतात. मुंग्यांची वाट तोडल्याशिवाय कितीही फवारा, कीड परत येणारच. कुंड्या खेटून असल्या तर वाट आणखी सोपी होते.

पसरट ताटलीत पाणी घ्या, त्यात साबणाचे दोन थेंब टाका, म्हणजे मुंग्या तरंगून पलीकडे जात नाहीत. ताटलीच्या मधोमध वीट आणि विटेवर कुंडी. वीट ताटलीच्या कडेला टेकता कामा नये. डास होऊ नयेत म्हणून पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, आणि मूल लहान आहे तर ताटली त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जास्वंदीचं एकही पान भिंतीला, जाळीला किंवा शेजारच्या कुंडीला लागू देऊ नका. एक पान टेकलं तरी मुंग्यांना पूल मिळतो. त्यासाठी एखादी फांदी छाटावी लागली तरी छाटा.

मग हाताने साफसफाई. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. बाकीच्या ठिकाणी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसा. पानाचा देठ खोडाला मिळतो तो खोबणा, कळीचं बूड आणि आधाराच्या काठीला बांधलेल्या दोरीच्या गाठी जरूर बघा. या गाठींत मिलीबग हमखास लपलेला असतो आणि तिथे कोणी बघत नाही.

आता तेल का लागू पडत नाही ते. पांढऱ्या पुंजक्यात काहीशे अंडी असतात आणि वरच्या मेणामुळे फवारा आत पोचत नाही. अंड्यातून नुकतीच निघालेली पिवळसर पिलं मात्र उघडी असतात, फवारणी खरी त्यांच्यासाठी. 5 मिली तेल आणि 1 मिली पातळ साबण आधी नीट घोटा, मग 1 लिटर कोमट पाण्यात मिसळा. कडुनिंबातला ॲझाडिरेक्टिन हा घटक उन्हात लवकर निकामी होतो, म्हणून फवारा संध्याकाळी, तोही पानांच्या खालून. उरलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरू नका. आधी एका पानावर करून बघा, मग दर 7 दिवसांनी तीन-चार वेळा. म्हणजे मागाहून फुटणारी अंडीही सापडतात.

आणि खत कोणतं घालताय? पेंडीचं पाणी वरचेवर देत असाल तर सध्या थांबवा. जास्त नत्राने फूट लुसलुशीत होते, आणि रस शोषणाऱ्या किडींना तीच हवी असते.

सदाफुली:
मिरचीबद्दल मी सांगते. पानं कडेने वर वळून द्रोणासारखी होत असतील तर बहुधा फुलकिडे. खाली वळून देठ लांबट दिसत असतील तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा कोळी नव्हे, पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड (माइट). शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून बघा, फुलकिडे बारीक पिवळसर रेघांसारखे पळताना दिसतील. त्यांच्यासाठी निळे चिकट सापळे लावा, आणि कडुनिंबाचा फवारा इथेही चालतो. कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक, पण कडक उन्हात नको आणि तेल फवारल्यावर दोन-तीन आठवडे नको, पानं करपतात. पानं बारीक, जाडसर होऊन झाडाची वाढच थांबली असेल तर तो विषाणू असू शकतो. मग झाड काढून टाकणंच बरं.

टोमॅटोला टरफलांचा उपयोग लगेच होत नाही, ती मातीत फार सावकाश विरघळतात. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतंच. ते पाण्याबरोबर फळापर्यंत पोचतं, आणि कुंडी कधी कोरडी ठक्क, कधी चिंब झाली की तो पुरवठा तुटतो. वर सुक्या पानांचं जाड आच्छादन घाला, पाणी रोज ठरावीक वेळी द्या. काळी पडलेली फळं सुधारत नाहीत, ती काढून टाका. पुढची चांगली येतील.

मोगरी:
काळीमाती, मुंग्या होत्याच! दोरीच्या गाठी सोडल्या तर आत पांढरं नुसतं भरलेलं. ताटली-वीट केली, आता मुंग्या जवळजवळ नाहीत. पण आज एका फांदीवर खूप मोठा मिलीबग दिसला, अंगावर लांब पांढरे धागे आणि चक्क भरभर चालतोय. नवीन जात आहे का? पुसून टाकू?

काळीमाती:
थांबा ताई, त्याला हात लावू नका! वर्णनावरून ती मिलीबग खाणाऱ्या ढालकिड्याची अळी वाटतेय. अंगावर तसंच मेण असल्यामुळे सगळेच फसतात. मिलीबगची मादी 3-4 मिलिमीटरची आणि अगदी मंद असते; ही अळी तिच्या तिप्पट वाढते आणि चपळ असते. आसपास नारिंगी डोक्याचा, काळपट पाठीचा छोटा गोल किडा दिसला तर खात्रीच. त्याची मादी मिलीबगच्या अंड्यांच्या पुंजक्यातच आपली अंडी घालते, म्हणून त्या फांदीवरचे पुंजकेही आता पुसू नका. साबण, तेल, स्पिरिट सगळं त्या झाडावर बंद ठेवा आणि ताटलीतलं पाणी तेवढं आटू देऊ नका.