मदत हवी आहे: जबड्याच्या हाडाला चिकटलेला पुढचा दात, डीकोरोनेशन (वरचं शिखर कापून मूळ हाडातच ठेवणं) आत्ता की थांबून?

मुलगा, वय १०. वरचा उजवा मधला पटाशीचा दात (दात क्रमांक ११). दोन वर्षांपूर्वी दात मुळासकट निघाला होता, तासाभराहून जास्त वेळ कोरडा राहिला, मग परत बसवला. मूळ अर्धवट वाढलेलं होतं, म्हणून मुळाच्या टोकाला एमटीए (कडक होणारं दातांचं सिमेंट) आणि वर गट्टा पर्चा (रबरासारखं भरण) भरलेला आहे.

आता ठोकल्यावर टणक, धातूसारखा आवाज येतो, दात जराही हलत नाही. एक्स-रेत मुळाची जागा हाड घेताना दिसतं. शेजारच्या दातापेक्षा तो २ मिमी वर राहिलाय. सहा महिन्यांपूर्वी हाच फरक १ मिमी होता. शेजारचा डावा मधला दात (२१) त्याच्याकडे कलायला लागलाय. दुखणं, सूज, पू काही नाही.

तारेने ओढून पाहायचा सल्ला आधीच मिळालाय, तो नको. चिकटलेला दात हलत नाही, उलट शेजारचे वर खेचले जातात. काढायचा तर बाहेरच्या बाजूचं पातळ हाड जाईल, आणि इम्प्लांट वाढ थांबेपर्यंत शक्य नाही.

म्हणून दाताचं शिखर (हिरडीबाहेर दिसणारा भाग) हाडाच्या कडेखाली दीड-दोन मिमी कापून, मुळातला कालवा रिकामा करून, तो रक्ताने भरू देऊन हिरडीचा फ्लॅप शिवायचा विचार आहे. त्याचंच शिखर तात्पुरता दात म्हणून तारेवर लावता येईल. गट्टा पर्चा निघेल, अडचण एमटीएची आहे. तो विरघळत नाही, आणि उकरताना उरलेलं पातळ मूळ फुटेल.

ज्यांनी हे केलंय त्यांना विचारतो: टोकाचा ३-४ मिमी एमटीए तसाच ठेवला तर पुढे इम्प्लांटच्या वेळी आड येतो का, की काढूनच टाकावा?