सासूबाई डायपर पँट घालायला तयार नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार. सासूबाई ८१ वर्षांच्या, अंगाने किडकिडीत. खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन चालतात, पण बाथरूमपर्यंत पोचेतो लुगडं ओलं होतं. लघवी तपासून झाली, संसर्ग नाही. ओढून घालायच्या डायपर पँट आणल्या, तर "मी काय तान्हं बाळ आहे?" म्हणत उशीखाली कोंबून ठेवल्या. वर पाणी पिणंच कमी केलंय, त्याचीच मला जास्त धास्ती.

आता मी 'डायपर' हा शब्दच काढत नाही, 'आतली चड्डी' म्हणते. दिवसा दर दोन तासांनी बाथरूमला नेते, त्याने बराच फरक पडलाय. रात्रीचं मात्र जमत नाही. मीडियम साइज मांडीपाशी सैल पडते, कुशीवर वळल्या की गळतं आणि मेणकापडाच्या कडेने ओल गादीत उतरते. स्मॉल घेतली तर काचेल का? माप कमरेचं धरायचं की नितंबांचं?

पलंगावर बसवूनच पँट बदलायची सोपी रीत कुणाला ठाऊक आहे? जुनी बाजूने फाडून निघते, नवी चढवताना दुखऱ्या पायाशी अडतं. आणि नऊवारी सोडून निदान रात्री गाऊन घालायला तुमच्याकडच्या आज्या कशा तयार झाल्या?