पीएलसी (एखाद्या मशीनचा छोटा कंट्रोलर) डीसीएसला (अख्ख्या प्लांटची कंट्रोल यंत्रणा) जोडताना कोणाकोणाची झोप गेली? सांगा

वाळूजचा_वायरमन
दिवाळीची साफसफाई चाललीय. माळ्यावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघाला. त्यात स्क्रू, लग, वाकडे फेरूल आणि एक रेझिस्टर. तपकिरी-लाल-तपकिरी, १२० ओहम. बायको म्हणाली, फेकू का? म्हटलं थांब.

पहिली नोकरी, बीड जिल्ह्यातला एक साखर कारखाना. बॉयलर पेटून आठ दिवस झालेले, मोळी पडलेली, गव्हाणीसमोर बैलगाड्यांची रांग. बॉयलर डीसीएसवर, पण डीएम प्लांट (बॉयलरच्या पाण्यातले क्षार काढणारा) त्याच्या पुरवठादाराच्या पीएलसीवर. मधे चारेकशे मीटर आरएस-४८५ ची दोन तारांची केबल, तिच्यावर मॉडबस, म्हणजे यंत्रांची आकडे पाठवायची भाषा. कधी तासभर बिनघोर चालायचं, कधी दर पाच मिनिटांनी डीएमचे सगळे आकडे जांभळे व्हायचे. बॉयलरचा फोरमन वरून ओरडायचा, "ओ कम्युनिकेशन!" हंगामभर तेच नाव पडलं मला.

तीन रात्री गेल्या. बॉड रेट बघितला, पॅरिटी बघितली, स्लेव्ह नंबर बघितला, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केलीय का तेही बघितलं. सगळं बरोबर. चौथ्या रात्री दोन्हीकडची पॉवर काढली आणि दोन तारांवर मीटर लावला. सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून दोन टोकांना एकेक १२० चा रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर, म्हणजे ६० च्या आसपास यायला पाहिजे. आले ४०. मीटरचा सेल बदलला, तरी ४०. तिथंच पत्र्यावर बसून हिशोब केला तेव्हा उजेड पडला की लाइनवर तीन रेझिस्टर आहेत. तिसरा सापडला मधल्या जंक्शन बॉक्समध्ये, बोटभर बगॅसखाली. आधीच्या कोणीतरी "असू दे अजून एक" म्हणून ठोकलेला. ४८५ चा ड्रायव्हर, म्हणजे सिग्नल ढकलणारी चिप, ५४ ओहमच्या भाराला धरून बनवतात, ४० वर तो धापा टाकणारच. कापला, खिशात टाकला. तोच हा.

तुमचंही टाका.

गोदाकाठचा
अर्थिंग एकाच टोकाला हे लेकरासारखं पाठ करून घेतलं होतं आमच्याकडून. तरी प्रत्येक साइटवर कोणीतरी दोन्हीकडं कसतंच.

भट्टीवाला_जालना
मी रोलिंग मिलमधला. आमच्याकडं डीसीएस वगैरे थाट नाही, पीएलसी ते स्काडा (कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) एवढंच, पण दुखणं तेच.

रीहीटिंग फर्नेसचा डेटा वर घेतला. पहिल्या दिवशी स्क्रीनवर भट्टी ३८ डिग्री आणि कूलिंगचं पाणी ११६०. आमचे एक जुने मिस्त्री आहेत, बिलेटच्या रंगावरून टेंपरेचर सांगतात. ते स्क्रीनकडं बघून म्हणले, "साहेब, पाणी अकराशे असतं तर आपण इथं उभे नसतो." सगळे हसले. मी नाही.

झालं होतं असं, की पीएलसीच्या पुस्तकात रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) ४०००१ लिहितात, तारेवर मात्र तोच पत्ता शून्य जातो. आम्ही पुस्तकातला आकडा तसाच टाकला, सगळी यादी एका घरानं सरकली. एक वजा केला, भट्टी जागेवर आली. दुपारी बाराला कळलं, सकाळी सहापासून शोधत होतो.

कंट्रोलरूम_ताई
@भट्टीवाला हा एकचा घोळ माणसाला आयुष्यात एकदा तरी होतोच 😄 माझा दोन शब्दांचा झाला. टाकीची लेव्हल १२३.४ सेंटिमीटर, डीसीएसवर दिसतंय वजा १० कोटी ७६ लाख. फ्लोट, म्हणजे दशांशाचा आकडा, दोन रजिस्टरमध्ये येतो, एकेक रजिस्टर म्हणजे एक शब्द, कोण आधी कोण नंतर हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. वर्ड स्वॅपला, म्हणजे अदलाबदलीला, टिक केली की झालं. पण तोवर शिफ्ट इन्चार्जनं लॉगबुकात इमानदारीनं लिहिलेलं, "लेव्हल -१०७६१६१७६". सही पण केलेली.

भट्टीवाला_जालना
सही 😂😂

सातमजली
टाकीत पाणी उधार होतं म्हणा की.

जालन्याची_सून
मला यातलं ओ की ठो कळत नाही पण आमच्याकडं मॉडबस म्हणजे सवत. साखरपुड्याच्या दिवशी फोन आला, लिंक गेली, हे पेढा हातात धरून अर्धा तास ओसरीत. सासरे म्हणले कोण आहे ती लिंक?

वाळूजचा_वायरमन
वहिनी 🙏 आमची बायको वाचायलीय मागून. म्हणते नंबर घे त्यांचा.

नळेगावकर
हसू आलं पण माझा अनुभव हसण्यासारखा नाही. लातूर एमआयडीसीत तेलाचा प्लांट, साल २०१६. सॉफ्ट वॉटरच्या टाकीची लेव्हल पीएलसीकडून गेटवेतून (मधला दुभाषी डबा) डीसीएसला यायची आणि तिच्यावर डीसीएस पंप चालू-बंद करायचा. हे मीच लिहिलेलं. ८० टक्क्यांना पंप बंद.

त्या दिवशी ट्रेंड बघून खूश होतो, कशी सरळ रेघ, ६२ वर. दीड तास. गेटवे अडकलेला आणि डीसीएस शेवटचा चांगला आकडा धरून बसलेला, तसं कॉन्फिगरेशनही मीच दिलेलं. ६२ चे ८० कधी होणारच नव्हते. पंप चालूच. गेटवरचा वॉचमन पळत आला तेव्हा पाणी रस्त्यावर. दोन टँकर तरी गेलं असंल. आणि गावात त्याच महिन्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. बाया घागरी घेऊन गेटवर आल्या, वाहतंय तर भरू द्या म्हणल्या. मी फाटक उघडायला लावलं. मालकाला काय सांगावं याच्यापेक्षा त्या बायांकडं बघवंना.

तेव्हापासून दोन गोष्टी कधी सोडत नाही. पीएलसीत एक रजिस्टर दर सेकंदाला एकनं वाढवायचं, दहा सेकंद ते हललं नाही की डीसीएसनं आकडा खोटा धरायचा आणि भोंगा वाजवायचा. आणि बंद करायचा सिग्नल, ट्रिप, इंटरलॉक, हे कम्युनिकेशनवरून नाहीच घ्यायचं. टाकीत तरंगणारा फ्लोट स्विच आणि तिथून थेट दोन तारा. महाग पडतं म्हणणाऱ्याला मी केबल स्वतः ओढून देतो.

गोदाकाठचा
नळेगावकर काका, हे वाचून गप्प झालो. ती रेल्वे बघायला आम्ही स्टेशनवर गेलतो.

परळी_फास्ट
पाण्याचं म्हणाल तर आमच्या परळीच्या वीजकेंद्राचे संचच बंद ठेवलेले पाण्यावाचून, २०१३ ला. तिथं लिंक नीट होती, पाणीच नव्हतं.

कंट्रोलरूम_ताई
दोन तारांना अनुमोदन. मॉडबस १९७९ चा, मोडिकॉननं काढलेला, माझ्यापेक्षा वयानं मोठा, तेव्हा मान ठेवते. पण त्याच्या भरवशावर बॉयलर ट्रिप नाही करायचा.

शेंद्र्यात असताना ओपीसीनं (पीएलसीचा डेटा कॉम्प्युटरला द्यायची पद्धत) जीव खाल्ला तो वेगळाच. जुना ओपीसी डीकॉमवर, म्हणजे विंडोजच्या आतल्या एका जोडणीवर, चालतो. मार्च २०२३ ला विंडोजच्या अपडेटनं डीकॉमची सुरक्षा सक्तीची केली, बंद करायची सोयच काढली. आयटीवाल्यानं रविवारी अपडेट मारलं, सोमवारी पहाटे पॅकेजिंगच्या चारही पीएलसींचा डेटा गायब. तो म्हणतो मी काही केलं नाही. मग सगळं डीकॉम न लागणाऱ्या नव्या ओपीसी यूए वर नेलं, तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत ऑपरेटर कागदावर आकडे लिहून आणून द्यायचे, दर तासाला. त्यांना कुंथलगिरीचा पेढा दिला शेवटी.

सातमजली
कुंथलगिरीचा आता पहिल्यासारखा राहिला नाही.

परळी_फास्ट
हट. रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानातून घेतला असंल तुम्ही.

धोंडराई_एक्स्प्रेस
विषय सोडून विचारतो, माफी. भाच्यानं आयटीआय केलंय, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. वाळूजकडं काही आहे का? हुशार आहे, मीटर धरता येतो.

वाळूजचा_वायरमन
दादा, दोन तारांवर ४० ओहम आले तर काय समजायचं, एवढं विचारून बघा त्याला.

धोंडराई_एक्स्प्रेस
विचारलं. म्हणतो आधी पॉवर काढली का ते बघा.

वाळूजचा_वायरमन
सोमवारी पाठवा. रात्रपाळी चालंल का त्याला?

धोंडराई_एक्स्प्रेस
चालंल. फक्त कापूस वेचणीचे चार दिवस सुट्टी पाहिजे म्हणतो.