बापाला सुट्टी कशाला?

बाळ झाल्यावर "आई-सासू असतात की घरात, बापाला सुट्टी कशाला" असं कुणीतरी म्हटलं, ते नाही पटलं. आमच्याकडे दोघांच्याही आया येऊ शकल्या नाहीत, सिझर झालेलं, बायकोला उठून बसायला पण हात द्यावा लागायचा आणि मला कंपनीने दिले ५ दिवस, त्यातले ३ हॉस्पिटलातच गेले. सहाव्या दिवशी लॅपटॉप उघडून मीटिंगला बसलो, आतून बाळ रडतंय. अजूनही आठवलं की कसंतरी होतं.

आईला २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहेत, चांगलंच आहे, पण खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने हक्काची सुट्टीच नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, झोमॅटोने तर २०१९ मधे बापालाही २६ आठवडे जाहीर केले, म्हणजे मनात आणलं तर जमतं. आणि नुसती पॉलिसी लिहून भागत नाही हो, मॅनेजरने स्वतः ती सुट्टी घेतली पाहिजे, नाहीतर अप्रेझलच्या भीतीने खालची पोरं मागतच नाहीत. सलग जमत नसेल तर तुकड्यातुकड्याने घेऊ द्या, बायको परत कामावर जायला लागते तेव्हा तर बाप घरी जास्तच लागतो.