मदत हवी आहे: वाळूचा नमुना न फोडता आतलं सिमेंटेशन (कण एकमेकांना चिकटणं) कसं मोजायचं?

मंडळी, जिओटेक्निकलवाले कोणी आहात का इथे?

एमटेकच्या प्रोजेक्टसाठी वाळूच्या कॉलममध्ये स्पोरोसार्सिना पाश्चुरी हे जिवाणू सोडून वरून युरिया आणि कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण देतोय. त्यातून तयार होणारं कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट) कणाकणांच्या सांध्यावर बसतं आणि वाळू धरते, इथवर ठीक. पण किती धरली हे पाहायला नमुना फोडून आम्लात धुवायचा, म्हणजे तो नमुना गेलाच. त्यात आमची वाळू समुद्रकिनाऱ्यावरची. शिंपल्यांचा चुराही आम्लात विरघळतो, आकडा उगाच फुगतो.

म्हणून कॉलमला समोरासमोर बेंडर एलिमेंट (वाळूतून लाट सोडणाऱ्या आणि पकडणाऱ्या छोट्या पट्ट्या) बसवलेत, अंतर 100 मिमी, सिग्नल 10 किलोहर्ट्झ. वाळू जितकी घट्ट धरते तितका शिअर वेव्हचा (कणांना आडवं हलवत जाणाऱ्या लाटेचा) वेग वाढतो. तो सुरुवातीला सेकंदाला 200 मीटरच्या आसपास होता, तेव्हा तरंगलांबी 20 मिमी, सगळं स्वच्छ दिसायचं. आता वेग 600 कडे गेलाय, म्हणजे तरंगलांबी 60 मिमी. अंतरात दोन लांब्याही बसत नाहीत. खऱ्या लाटेआधीच स्क्रीनवर एक उलटा खड्डा दिसतो, पहिलं आगमन नक्की कुठे धरायचं कळत नाही. निअर-फील्डच (तरंगलांबीच्या मानाने अंतर कमी पडल्याने होणारी गडबड) असणार, असा माझा अंदाज.

फ्रिक्वेन्सी वाढवत न्यावी, की क्रॉस-कोरिलेशन (सोडलेला आणि मिळालेला सिग्नल एकमेकांवर सरकवून जुळवणं) करावं? विद्युतवाहकता मोजून पाहिली, पण अमोनियम आणि क्षारांमुळे पाणीच इतकं वाहक होतं की कॅल्साइटचं काही कळत नाही.

शिवाय एलिमेंटवरच कॅल्साइटचा थर चढतोय. त्याच्या इपॉक्सीच्या लेपावर ग्रीस लावलं तर सिग्नल मरेल का? केलेलं असेल त्यांनी प्लीज सांगा.